सदृश-अंकीय परिवर्तक, अल्पशक्ती
सदृश-अंकीय परिवर्तक, अल्पशक्ती : तापमान, दाब, आर्द्रता, हृदयाचे विद्युत् स्पंद यांसारख्या सतत बदलत जाणाऱ्या राशींचे विद्युत् दाबात झालेले रूपांतर (सदृश संकेत) ज्या मंडलाच्या साहाय्याने द्विमान अंकांत (० आणि १ या दोनच अंकांनी लिहिलेल्या संख्यांत) मांडले जाते, त्याला सदृश-अंकीय परिवर्तक म्हणतात. हे कार्य काही मायक्रोवॅट (वॅटचा दशलक्षांश) किंवा त्याहूनही कमी शक्ती खर्च करून होत असेल, तर तो परिवर्तक अल्पशक्ती प्रकारचा मानतात. रेडिओ तरंगांद्वारे जाळ्याला जोडलेल्या व लहानशा विद्युत् घटावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या संवेदकांमध्ये अशा परिवर्तकांना विशेष महत्त्व आहे. जमिनीतील ओलावा मोजणारी साधने, पुलांच्या तुळयांमधील ताण नोंदणारी साधने आणि रुग्णाच्या शरीरात बसविलेली उपकरणे ही अशा संवेदकांची उदाहरणे होत. यांपैकी शेवटच्या प्रकारात विद्युत् घट संपणे याचा अर्थ रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे असा होतो. त्यामुळे येथे शक्तीची बचत ही केवळ काटकसरीची बाब राहत नाही.

तत्त्व : परिवर्तनाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत ठराविक कालांतराने संकेताचे क्षणिक मूल्य पकडून ठेवतात. याला नमुनाग्रहण म्हणतात. संकेतातील सर्वांत मोठ्या कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येच्या) दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ संकेत पुन्हा मिळविता येतो. या नियमाचा पाया हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये घातला व क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची सुस्पष्ट मांडणी केली. नियम पाळला गेला नाही, तर मुळात नसलेल्या कंप्रता नमुन्यांत दिसू लागतात. उदा., ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठ्याचा प्रभाव संवेदकाच्या तारेत शिरला आणि नमुने सेकंदाला ४९ घेतले, तर नोंदीत १ हर्ट्‌झचे मंद आंदोलन दिसेल व ते संवेदित राशीतीलच बदल आहे असा समज होईल. म्हणून परिवर्तकाच्या आधी नको असलेल्या कंप्रता रोखणारे छानक मंडल बसवितात.

दुसऱ्या पायरीत प्रत्येक नमुन्याला जवळच्या पूर्णांकी पायरीचे मूल्य देतात. याला पुंजीकरण म्हणतात. १० द्विमान अंकांच्या परिवर्तकात १,०२४ पायऱ्या असतात. त्याची मोजमापाची कक्षा १ व्होल्ट असल्यास एक पायरी ०·९७७ मिलिव्होल्टची होते. पायऱ्यांमधील खरे मूल्य हरपल्याने जी अटळ त्रुटी राहते, तिला पुंजीकरण गोंगाट म्हणतात. या त्रुटीचे वर्गमध्यमूळ मूल्य एका पायरीस १२ च्या वर्गमूळाने भागले असता मिळते. म्हणजेच वरील उदाहरणात ते सु. ०·२८ मिलिव्होल्ट येते. द्विमान अंक एकाने वाढविला की पायरी निम्मी होते व संकेत-गोंगाट गुणोत्तर सु. ६ डेसिबेलने सुधारते.

शक्तीचा हिशेब : गुंडीच्या आकाराच्या सीआर२०३२ या प्रचलित लिथियम घटाचा दाब ३ व्होल्ट व धारणशक्ती सु. २२५ मिलिअँपिअर-तास असते, म्हणजे त्यात सु. २,४३० जूल ऊर्जा साठविलेली असते. त्यातून १ मिलिअँपिअर प्रवाह अखंड घेतल्यास तो साडेनऊ दिवसांत संपतो. तोच घट पाच वर्षे पुरवावयाचा असल्यास सरासरी प्रवाह ५ मायक्रोअँपिअर व सरासरी शक्ती १५ मायक्रोवॅट यांपेक्षा अधिक असून चालत नाही. या १५ मायक्रोवॅटमध्ये संवेदक, विवर्धक, परिवर्तक, सूक्ष्मप्रक्रियक व रेडिओ प्रेषक या सर्वांचा निर्वाह व्हावा लागतो. घटाचे आपोआप होणारे विसर्जनही त्यातूनच वजा जाते. हे साध्य होण्याचे मुख्य कारण म्हणजे अशा साधनांना सतत जागे राहण्याची आवश्यकता नसते. जमिनीचे तापमान मिनिटातून एकदा मोजले तरी पुरते. मोजमापाचे कार्य काही मिलिसेकंदांत आटोपते व उरलेला सर्व वेळ मंडल निद्रितावस्थेत ठेवता येते. त्यामुळे अल्पशक्ती परिवर्तकाला दोन कसोट्या लागू पडतात : एका नमुन्यासाठी किती ऊर्जा लागते आणि दोन नमुन्यांमधील विश्रांतीत किती गळती प्रवाह वाहतो. नमुने फार विरळ असतील, तर दुसरी कसोटी पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

इतिहास : संकेत द्विमान स्पंदांच्या रूपाने पाठविण्याची कल्पना (स्पंद-संकेत विरूपण) इंग्रज अभियंते अलेक रीव्ह्‌झ यांनी १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. हेतू दूरध्वनी संभाषण गोंगाटमुक्त ठेवण्याचा होता. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये १९४० नंतरच्या दशकात या पद्धतीसाठी विविध परिवर्तक तयार झाले. १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को या कंपनीने ‘डेट्रॅक’ हा निर्वात नलिकांचा परिवर्तक विक्रीस आणला. त्याची विभेदनक्षमता ११ द्विमान अंकांची व वेग सेकंदाला ५०,००० नमुने इतका होता. मात्र त्याचे वजन सु. ६८ किग्रॅ. असून त्याला सु. ५०० वॅट शक्ती लागे.

अल्पशक्ती परिवर्तकांच्या दृष्टीने निर्णायक टप्पा १९७५ मध्ये आला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स मॅक्रिअरी व पॉल ग्रे यांनी धातू-ऑक्साइड-अर्धसंवाहक प्रकारच्या ट्रँझिस्टरांच्या संकलित मंडलात केवळ धारित्रांवरील विद्युत् भाराची फेरवाटणी करून परिवर्तन साधणारी रचना प्रसिद्ध केली. रोधकांतून प्रवाह सतत वाहतो व शक्ती खर्च होत राहते. धारित्र मात्र भार बदलतानाच ऊर्जा घेते. हा भेद पुढील सर्व प्रगतीच्या मुळाशी आहे. त्याच विद्यापीठात २००३ मध्ये मायकेल स्कॉट, बर्नहार्ड बोझर व क्रिस्टोफर पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’ या धूलिकणाएवढ्या संवेदकांच्या योजनेसाठी ८ द्विमान अंकांचा परिवर्तक बनविला. १ व्होल्ट पुरवठ्यावर व सेकंदाला १ लक्ष नमुने या वेगाने चालताना त्याला प्रत्येक नमुन्यासाठी ३१ पिकोजूल (१ पिकोजूल म्हणजे एका जूलचा एक हजार अब्जावा भाग) ऊर्जा लागत असे व विश्रांतीत तो केवळ ७० पिकोवॅट शक्ती घेत असे.

क्रमिक सन्निकटन परिवर्तक : संवेदकांसाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा हा प्रकार होय. त्याचे कार्य तराजूने वजन करण्यासारखे आहे. अज्ञात वस्तू एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात ८, ४, २, १ अशी निम्म्यानिम्म्याने उतरणारी वजने क्रमाने टाकतात. वजन जास्त झाले तर काढून घेतात, नाहीतर तसेच ठेवतात. समजा, परिवर्तकाची कक्षा १·६ व्होल्ट असून त्यात ४ द्विमान अंक आहेत व मोजावयाचा दाब १·०३ व्होल्ट आहे. प्रथम ०·८ व्होल्टशी तुलना होते. दाब अधिक असल्याने पहिला अंक १ येतो. नंतर १·२ व्होल्टशी तुलना केल्यावर दाब कमी ठरतो व दुसरा अंक ० येतो. पुढे १·० व्होल्टशी तुलनेत १ व १·१ व्होल्टशी तुलनेत ० मिळतो. अशा प्रकारे १०१० ही संख्या, म्हणजे दशमान पद्धतीने १० पायऱ्या किंवा १·० व्होल्ट, हे उत्तर चार तुलनांत मिळते. म्हणजेच जितके द्विमान अंक तितक्याच तुलना पुरतात. याउलट, सर्व पायऱ्यांशी एकाच वेळी तुलना करणाऱ्या समांतर परिवर्तकात ८ द्विमान अंकांसाठी २५५ तुलनक लागतात. तो अतिशय वेगवान असला, तरी त्याचा शक्तिव्यय संवेदकाला परवडणारा नसतो.

या परिवर्तकात धारित्रांची एक मालिका, एक तुलनक, काही स्विच व क्रम ठरविणारे तर्क मंडल इतकेच घटक असतात. धारित्रांची मूल्ये १, २, ४, ८ अशा प्रमाणात असून तीच वजनांचे कार्य करतात व नमुना पकडून ठेवण्याचे कामही त्यांच्याकडूनच होते. अखंड प्रवाह घेणारा विवर्धक या रचनेत अनिवार्य नसतो. तुलनकही केवळ तुलनेच्या क्षणी प्रवाह घेईल अशा गतिक स्वरूपाचा करता येतो. परिणामी नमुने निम्मे केले, तर शक्तिव्ययही जवळजवळ निम्मा होतो. एकच मंडल मंद व वेगवान अशा दोन्ही कामांस पुरते, हा त्याचा मोठा गुण आहे.

ऊर्जेची पुढील बचत धारित्रांचे स्विच कोणत्या क्रमाने बदलावेत यावर अवलंबून असते. जुन्या पद्धतीत एखादे वजन टाकून ते जास्त ठरल्यास परत काढावे लागे व त्यात दोनदा ऊर्जा खर्च होई. तैवानमधील राष्ट्रीय चेंग कुंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकदिश स्विचन पद्धतीत पहिली तुलना कोणतेही धारित्र न बदलता केली जाते व नंतर प्रत्येक पायरीस एकच धारित्र एकाच दिशेने बदलते. या पद्धतीने स्विचनाची सरासरी ऊर्जा सु. ८१ टक्के व एकूण धारिता सु. ५० टक्के कमी होते. नेदर्लंड्‌समधील ट्वेंटे विद्यापीठात २००८ मध्ये १० द्विमान अंकांचा, सेकंदाला १० लक्ष नमुने घेणारा व केवळ १·९ मायक्रोवॅट शक्तीवर चालणारा परिवर्तक तयार करण्यात आला होता. त्यात धारित्रे एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरून ऊर्जा वाचविली होती.

औष्णिक गोंगाटाची मर्यादा : धारित्र कितीही लहान करून ऊर्जा कितीही वाचविता येईल, असे मात्र नाही. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची यादृच्छिक हालचाल चालू असते व नमुना घेताना स्विच उघडला की त्या हालचालीचा ठसा धारित्रावर कायम राहतो. या गोंगाटाच्या दाबाचा वर्ग बोल्ट्‌समान स्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराला धारितेने भागून मिळतो. त्यात रोधाचे मूल्य येत नाही. सर्वसाधारण तापमानाला १ पिकोफॅराड धारित्रावर हा गोंगाट सु. ६४ मायक्रोव्होल्ट असतो.

या नियमाचा परिणाम पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. कक्षा १ व्होल्ट असताना औष्णिक गोंगाट पुंजीकरण गोंगाटाइतकाच राहावा असे ठरविले, तर १० द्विमान अंकांसाठी केवळ ०·०५२ पिकोफॅराड धारिता पुरते. परंतु १६ अंकांसाठी सु. २१३ पिकोफॅराड, म्हणजे ४,०९६ पट धारिता लागते. प्रत्येक वाढीव अंकाला धारिता व तिच्याबरोबर ऊर्जा चौपट करावी लागते. म्हणून गरजेपेक्षा अधिक अचूकतेचा आग्रह हे विद्युत् घट लवकर संपण्याचे एक कारण ठरते. कमी अंकांच्या परिवर्तकांत मात्र धारित्राचा आकार बहुधा गोंगाटावरून ठरत नाही. अतिशय लहान धारित्रांची मूल्ये निर्मितीत नेमक्या प्रमाणात उतरत नाहीत व प्रमाण बिघडले की पायऱ्या असमान होतात. त्यामुळे धारित्रे मोठी घ्यावी लागतात किंवा त्यांच्या चुका मोजून अंकीय रीतीने दुरुस्त कराव्या लागतात.

पुरवठ्याचा दाब कमी करणे हा बचतीचा दुसरा मार्ग आहे. धारित्र भरण्याची ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तर्क मंडलाचा दाब निम्मा केला, तर ऊर्जा एक चतुर्थांश होते. तथापि दाब निम्मा झाला की संकेताची कक्षाही निम्मी होते व तेच संकेत-गोंगाट गुणोत्तर राखण्यासाठी धारिता चौपट करावी लागते. म्हणून गोंगाटाने मर्यादित झालेल्या भागात दाब घटविल्याने विशेष लाभ होत नाही. शिवाय दाब फार कमी केल्यास स्विच पूर्णपणे चालू होत नाहीत आणि तो कमी ठेवता यावा म्हणून ट्रँझिस्टरांचा उंबरठा दाब उतरविल्यास गळती वाढते.

डेल्टा-सिग्मा परिवर्तक : वजनकाटे, दाबमापक, तापविद्युत् युग्मे यांसारख्या मंद पण अतिशय अचूक मोजमापांसाठी हा प्रकार योग्य ठरतो. टोकिओ विद्यापीठातील हिरोशी इनोसे, यासुहिको यासुदा व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये त्याची मांडणी केली. यात आवश्यकतेच्या कितीतरी पट वेगाने, परंतु बहुधा एकाच द्विमान अंकाने, नमुने घेतले जातात. प्रत्येक वेळी झालेली त्रुटी समाकलकात साठवून पुनःप्रदायाने पुढील निर्णयात जमेस धरली जाते. त्यामुळे पुंजीकरण गोंगाट उच्च कंप्रतांकडे ढकलला जातो व अंकीय छानकाने तो काढून टाकता येतो. दोन समाकलक असलेल्या रचनेत नमुन्यांचा वेग दुप्पट केला की सिद्धांततः अडीच द्विमान अंकांची भर पडते. पुनःप्रदायाविना नुसती सरासरी काढल्यास तेवढ्याच वेगवाढीने अर्ध्याच अंकाची भर पडते. संवेदकांसाठी याचाच वृद्धिशील नावाचा उपप्रकार वापरतात. त्यात प्रत्येक मोजमापापूर्वी समाकलक रिकामा करतात व उत्तर मिळताच मंडल पुन्हा निद्रितावस्थेत जाते. क्रमिक सन्निकटन व गोंगाट ढकलणे या दोन्ही तत्त्वांचा संयोग करणारी रचना मिशिगन विद्यापीठातील जेफ्री फ्रेडनबर्ग व मायकेल फ्लिन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली व नंतर तिच्यावर बरेच संशोधन झाले.

अंकीय व्होल्टमापकांत रूढ असलेल्या द्विउतार समाकलन परिवर्तकाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्यात समाकलनाचा काळ २० मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत ठेवला, तर ५० हर्ट्‌झ पुरवठ्यामुळे होणारा अडथळा प्रत्येक पूर्ण आवर्तनात आपोआप शून्य होतो. भारतासारख्या ५० हर्ट्‌झ पुरवठा असलेल्या देशांत हा काळ योग्य ठरतो.

गुणांक : निरनिराळ्या परिवर्तकांची तुलना करण्यासाठी रॉबर्ट वॉल्डन यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक वापरतात. शक्तीला नमुन्यांच्या वेगाने व प्रभावी पायऱ्यांच्या संख्येने भागल्यावर एका पायरीमागे लागणारी ऊर्जा मिळते. ट्वेंटे येथील परिवर्तकाचा गुणांक ४·४ फेम्टोजूल (१ फेम्टोजूल म्हणजे १ पिकोजूलचा हजारावा भाग) होता. ‘डेट्रॅक’चे ११ ही अंक प्रभावी धरले, तर त्याचा गुणांक सु. ४·९ मायक्रोजूल येतो. म्हणजे सु. अर्ध्या शतकात ही ऊर्जा १०० कोटी पटींहून अधिक घटली. हा गुणांक वापरताना सावधगिरी लागते. प्रत्येक अंकामागे ऊर्जा दुप्पट होते असे तो गृहीत धरतो. पण औष्णिक गोंगाटाने मर्यादित असलेल्या उच्च विभेदनक्षमतेच्या परिवर्तकांत ती चौपट होते. त्यांच्यासाठी संकेत-गोंगाट गुणोत्तरावर आधारलेला दुसरा गुणांक अधिक न्याय्य ठरतो.

भोवतालची मंडले व संपूर्ण प्रणाली : प्रसिद्ध होणारे आकडे बहुधा केवळ परिवर्तकाच्या गाभ्याचे असतात. प्रत्यक्षात स्थिर संदर्भ दाब पुरविणारे मंडल, संवेदकाचा क्षीण संकेत वाढविणारा विवर्धक व कालस्पंद देणारा आंदोलक यांना मिळून परिवर्तकापेक्षा अधिक शक्ती लागू शकते. संवेदकाचा अंतर्गत रोध मोठा असल्यास नमुना घेण्याच्या अल्प काळात धारित्र पूर्ण भरत नाही व मापन चुकते. अशा वेळी वेगवान विवर्धक जोडण्यापेक्षा नमुना घेण्याचा काळ वाढविणे स्वस्त पडते. संदर्भ दाबाचे मंडलही मोजमापापुरतेच चालू करतात. मात्र ते स्थिरावण्यापूर्वी नमुना घेतला, तर ऊर्जा वाचते पण मोजमाप निरुपयोगी होते.

सर्वाधिक ऊर्जा सामान्यतः रेडिओ प्रेषणात जाते. समजा, प्रेषक ३ व्होल्ट दाबावर १० मिलिअँपिअर प्रवाह घेऊन ३ मिलिसेकंद चालतो; त्याला ९० मायक्रोजूल ऊर्जा लागेल. १·९ पिकोजूलमध्ये एक नमुना घेणारा परिवर्तक तेवढ्या ऊर्जेत सु. ४·७ कोटी नमुने घेऊ शकतो. यावरून प्रत्येक नमुना पाठविण्यापेक्षा जागच्या जागी विचार करून निवडक माहितीच पाठविणे हितावह असल्याचे दिसून येते. उदा., हृदयाच्या विद्युत् संकेताचा संपूर्ण आलेख अखंड न पाठविता स्पंदांमधील अंतरे तेवढी पाठवितात व अनियमितता आढळल्यास त्या काळातील आलेख पाठवितात. संकेतात बदल झाला तरच नमुना घेणारे घटनानुसारी परिवर्तकही याच हेतूने योजले जातात.

उपयोग व निवड : शरीरात बसविण्याच्या हृदयगतिकारकांत (पेसमेकरांत) १९७२ पासून लिथियम-आयोडीन विद्युत् घट वापरात आले व त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढले, मंडलांचा शक्तिव्यय घटल्यामुळे या लाभात भर पडली. अशा उपकरणांत सर्वसाधारणपणे ८ ते १० द्विमान अंक पुरतात. जमिनीतील ओलावा, हवेची आर्द्रता किंवा साठवणीच्या टाकीतील पातळी मोजण्यासाठी १० ते १२ अंकांचा क्रमिक सन्निकटन परिवर्तक योग्य असतो, कारण संवेदकाची स्वतःची अचूकता त्याहून क्वचितच अधिक असते. वजन व दाब यांच्या सूक्ष्म मोजमापांसाठी १६ ते २४ अंकांचे डेल्टा-सिग्मा परिवर्तक वापरतात. २४ अंकांच्या परिवर्तकातील शेवटचे काही अंक बहुधा गोंगाटाचेच असतात, हे निवड करताना लक्षात ठेवावे लागते.

थोडक्यात, अल्पशक्ती परिवर्तकाचा अभिकल्प करताना प्रथम संवेदित राशी किती वेगाने बदलते व तिच्यातील किती लहान फरक कळणे खरोखर आवश्यक आहे, हे ठरवितात. अंकांची संख्या, नमुन्यांचा वेग, धारित्रांचे आकार व पुरवठ्याचा दाब यांचा निर्णय त्यानंतरच होतो. या क्रमाने केलेल्या अभिकल्पातच लहानसा घट वर्षानुवर्षे पुरतो आणि त्यातून मिळणाऱ्या संख्याही विश्वासार्ह राहतात.